ढगातून तारा: कण घ्यावेत की जाळी?

पुराच्या दिवसांत आम्ही कोल्हापूरकर पंचगंगा दोन तऱ्हांनी बघतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी गाठतंय का हे एका जागेवरून पाहायचं, नाहीतर वाहत्या ओंडक्यामागे नजर न्यायची. अंतराळातल्या वायूच्या ढगातून तारा कसा जन्मतो हे संगणकावर घडवून पाहण्याचेही हेच दोन मार्ग.

ओंडक्याची रीत म्हणजे एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स), 1977 सालची. वायूचे लाखो कण करायचे. ढग कोसळतो तिथं कण आपोआप दाटतात आणि नेमक्या ताऱ्याच्या जन्मस्थळी बारकावा मिळतो. 2003 मध्ये बेट, बॉनेल आणि ब्रॉम यांनी 50 सूर्यांइतक्या वस्तुमानाचा ढग 35 लाख कणांत मांडला. मला ही झेप आजही थक्क करते. धक्कालहरी, म्हणजे वेगवान वायू आदळून उठणाऱ्या लाटा, मात्र पुसट होतात, चुंबकक्षेत्रही सहज बसत नाही.

बंधाऱ्याची रीत एएमआर (अ‍ॅडॅप्टिव्ह मेश रिफाइनमेंट): जागेवर चौकोनांची जाळी टाकून दाट भागात ते चौकोन बारीक करत जायचं. गुरुत्व वायूच्या दाबाला हरवतं त्या जीन्स लांबीत किमान 4 चौकोन हवेत, नाहीतर ढगाचे खोटे तुकडे पडतात. ट्रूलव्ह आणि सहकाऱ्यांनी हे 1997 मध्ये दाखवलं.

लॅपटॉपवर सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला मी कणच सुचवेन. चुंबकक्षेत्र आणि धक्कालहरी हाच प्रश्न असेल, तर जाळी.