वेळासला दोन रात्री: कासवांच्या गावातला घरगुती मुक्काम

आम्ही ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या काकूंनी फोनवरच स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, या तुम्ही, पण पिल्लं निघतीलच असं नाही हो. कासव काय आपल्या हातात आहे?" आगाऊ पैसे घेण्याआधी हे सांगणारी माणसं मला तिथेच आवडली.

मार्चमध्ये मी आणि भाची मंडणगड तालुक्यातल्या वेळासला दोन रात्री राहून आलो. हरिहरेश्वरकडून जाणार असाल तर बागमांडल्याला जंगलजेटी (गाड्याही नेणारी फेरीबोट) पकडून वेसवीला उतरा, वळसा वाचतो. गावात उतरायचं ते गावकऱ्यांच्या घरातच. पडवीत गाद्या, बाथरूम सामाईक, मोबाईलला रेंज जेमतेम. जेवण मात्र पोटभर आणि मायेचं: गरम भात, कुळथाचं पिठलं, नारळाच्या दाट दुधाची सोलकढी आणि दुसऱ्या दुपारी उकडीचे मोदक.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात ओळीने घरटी, प्रत्येकाजवळ पाटी, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. मी २६ वर्षं बाळंतीण वॉर्डात नर्स आहे. पाळण्याला अडकवलेली चिठ्ठी आठवून मी तिथेच थबकले. कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावातल्या माणसाने, घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. काही मंडळी कुरकुरत परतली.

सकाळी सातला तिसऱ्या टोपलीखाली वाळू मधोमध किंचित खचलेली दिसली. आधी एक काळपट नाक वर आलं, मग एकमेकांच्या पाठीवरून चढत सगळी वर आली. मी मोजली, २७. पाण्यापासून थोडी अलीकडे, दोरीच्या आत सोडली. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडलं, तीनदा चढून तीनदा घसरलं. भाचीचा हात पुढे झाला तसा कासवमित्र म्हणाला, "राहू दे, त्याचं त्याला चालू दे." या चालण्यातूनच पिल्लाला आपला किनारा ओळखीचा होतो, असं मानतात. चौथ्या खेपेला ते वर आलं आणि लाटेबरोबर गेलं. माझे डोळे भरून आले.

पूर्वी इथली अंडी माणसं, कोल्हे नि कुत्रीच न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला हाताशी धरून ती राखायला घेतली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. एका घरट्यात शंभरेक अंडी, साधारण ५० दिवस ती वाळूच्या उबेवर. मुलगा की मुलगी हेसुद्धा ती ऊबच ठरवते: वाळू जास्त तापली की माद्या. आमच्या वॉर्डात हे सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसेना! आणखी एक आनंदाची गोष्ट: ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले (वेळासला येतात त्याच जातीची) मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, आपली वेगळी, असं आपण धरून चाललो होतो.

तक्रार एकच, तीही पाहुण्यांबद्दल. सांगूनही दोघांनी फ्लॅश मारला. अशांना दोरीपासून थेट मागे पाठवावं, गावाने भीड धरू नये.

एका रात्रीचा बेत करू नका, दोन रात्री ठेवाच. आणि निघण्याआधी फोन करून विचारा, कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत ते काकू खरंखरं सांगतात.