हीट पंप वॉटर हीटर : वर्षभर वापरल्यानंतर

विजेचा गीझर काढून २०० लिटरचा हीट पंप बसवला, त्याला वर्ष होत आलं. सगळे ऋतू पाहून झाले, त्यामुळे आता ठामपणे सांगते: घ्यावा. पण कुठे बसवता आणि कधी चालवता, यावर निम्मी बचत अवलंबून आहे.

२०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ७ युनिट लागतात. गीझर ती सगळी विजेतूनच घेतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, फ्रीजचंच काम उलट्या दिशेने. माझ्याकडे तेवढंच पाणी अडीच युनिटांच्या आसपास तापतं. कडक थंडीत तीनच्या वर जातं, कारण बाहेरच्या हवेतच उष्णता कमी असते.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. टाकी गार पडली की पुन्हा तापायला चार-पाच तास. यावर उपाय टायमरचा. छतावर सोलर असल्याने मी भर दुपारीच चालवते. रात्रीपर्यंत पाणी कढत राहतं. दिवसाचं ऊन टाकीत साठवायचं, वेगळी बॅटरी लागत नाही. ऑटो मोडमध्ये मात्र टाकीतली विजेची कॉइल (गीझरसारखी) मधेच सुरू होते आणि बचत तिथेच संपते. ती बंद ठेवा. फक्त कोमट पाण्यात वाढणारे, आजार पसरवणारे लिजिओनेला जिवाणू मारण्यासाठी अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापवण्याचं चक्र चालू राहू द्या.

जागा मोकळीच हवी. कोंदट खोलीत यंत्र आजूबाजूची हवा गार करतं आणि मग त्याच गार हवेतून उष्णता शोधत बसतं. कॉम्प्रेसरची घरघर फार नाही, पण बेडरूमच्या भिंतीला लागून नकोच. दमट दिवसांत पाणी ठिबकतं, त्याला ड्रेनची नळी आधीच काढून घ्या.

एक गोष्ट हाताने तपासा. सगळे नळ बंद असताना टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावा. आमचा हातभर अंतरापर्यंत चांगलाच गरम लागायचा. म्हणजे उष्णता रात्रंदिवस वाया जात होती. फोमचं वेष्टण चढवलं, आता वरून जेमतेम कोमट लागतो. इतक्या थोड्या खर्चात एवढा फायदा देणारं दुसरं काम घरात नसेल.

घेताना यंत्रात उष्णता वाहून नेणारा गॅस (रेफ्रिजरंट) कोणता आहे ते विचाराच. आर-१३४ए गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, त्या मानाने नगण्य. प्रोपेन ज्वलनशील असल्याने बसवणारा जाणकार हवा. आणि पाणी जड असेल तर टाकीतला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) दरवर्षी उघडून बघायला सांगा, नाहीतर टाकी आतून गंजते.