व्हायोलिन आलंच नाही, 13,048 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. तेरा हजार अठ्ठेचाळीस रुपये. चार वेळा मिळून, एक तास दहा मिनिटांत, माझ्या हातानं, माझाच पिन घालून. आणि मी नोकरी करते पतसंस्थेत, कॅश काउंटरला. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा काचेवरचा कागद मीच डिंकानं चिकटवलाय. हसायचं असेल तर इथंच हसून घ्या. आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. मे महिन्यात नणंदेकडे बेंगळूरला गेलो होतो, तिथं चौडय्या सभागृह बाहेरून बघितलं. अख्खी इमारतच व्हायोलिनच्या आकाराची, तारा-खुंट्यांसकट. तेव्हापासून ‘मला तेच पाहिजे’ सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, पेटी शिकव की. बरोबरच आहे, आमचं बेळगाव म्हणजे पेटीवाल्या रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, पेटी शिकवणारे हवे तेवढे मिळतील. पण पोरगी हटून बसली. शेवटी टिळकवाडीत एक सर सापडले.

सरांनी पहिल्याच दिवशी तिचं माप घेतलं. डावा हात सरळ पुढं करायला लावला, मानेपाशी त्यांच्याकडचं लहान व्हायोलिन टेकवलं आणि पुढचं गोल वळलेलं टोक तळहातात बसतंय का, बोटं त्याच्याभोवती सहज वळताहेत का, ते बघितलं. मग वहीचा कागद फाडून लिहून दिलं : ‘हाफ साईज. बॉडी 12½ इंच. मान मापात धरायची नाही.’ वर एक वाक्य ऐकवलं, ते आता मला रात्री झोपू देत नाही. “वाढत्या अंगाचं घेऊ नका बाई, हा फ्रॉक नव्हे.” मोठं वाद्य दिलं की बोटं सुरावर पोचत नाहीत, खांदा वर चढतो, मूल कंटाळून सोडून देतं आणि आपण म्हणतो, हिला आवडच नाही.

दुकानं फिरले. गावातल्या दोन दुकानांत मोठ्यांचंच होतं, हाफ मागवून देतो म्हणाले, वाजवायचा गज आणि खोळ धरून 7,800. कोल्हापुरात 7,200 सांगितले. मिरजेत मावसभाऊ असतो, त्याला विचारायला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, इथं सतार-तंबोरे माग, लहान पोरांचं व्हायोलिन कोण करतंय?” दोन वर्षांत मूल वाढणार, मग हे हाफ माळ्यावर जाणार. म्हणून जुनं बघावं असं ठरवलं. या ठरवण्यात चूक नव्हती, हे मी अजून कुणाशीही भांडून सांगेन. सरही म्हणतात, लहान मापाचं जुनंच घ्यावं. एकाच्या पोराला अपुरं पडलं की दुसऱ्याच्या पोराला होतं.

मोबाईलवर जाहिरात दिसली. हाफ साईज, निळी खोळ, गज, राळ, सगळं मिळून 5,500. विकणारा फौजी, बदली झाली म्हणून घरचं सामान काढतोय.

इथं बाहेरगावचे लोक लगेच म्हणतील, अहो, फौजी बनून फसवण्याचा प्रकार तर सगळ्यांना माहीत आहे! मलाही माहीत होता. पण बेळगावच्या माणसाला तो खोटा कसा वाटावा, ते जरा समजून घ्या. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आमच्या कॅम्पात. बदलीवर निघालेल्या कुटुंबांचं सामान विकायला येणं आम्हाला नवीन नाही. आमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज असाच एका सुभेदारांच्या घरून 2019 साली 4,000 ला आणलेला, अजून चालतोय. म्हणजे मला भुलवायला त्या भामट्याला काही करावंच लागलं नाही, निम्मं काम गावानंच करून ठेवलेलं. (फौजेचा यात काडीचा संबंध नाही, नुसतं नाव वापरलेलं. ज्यांना वापरलं जातं त्यांनाही राग येत असेलच.)

मंगळवार, संध्याकाळचे पावणेआठ. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या. फोन लावला. आवाज अदबीचा, प्रत्येक वाक्याला ‘मॅडमजी’. व्हॉट्सॅपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, सगळं न मागताच आलं. न मागता कागद दाखवणारा माणूस काउंटरला आला तर मी दोनदा बघते. इथं मला तो प्रामाणिक वाटला! गाव विचारलं तर सातारा म्हणाला. मी मराठीत बोलायला लागले, तर “मॅडमजी, हिंदी में बोलिए, साहब लोग पास में हैं.” साताऱ्याचा माणूस मराठीत बोलायला साहेबाला घाबरतो? सोडून दिलं.

मग मी विचारलं, बॉडी किती इंच? हा प्रश्न मी विचारला, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा. तो थांबला. कुणाला तरी विचारल्यासारखा आवाज आला. मग म्हणाला, “चौदह इंच, मॅडमजी.”

चौदा इंच म्हणजे मोठ्या माणसाचं, पूर्ण मापाचं व्हायोलिन. सरांचा कागद माझ्यासमोर फ्रिजवर मॅग्नेटखाली होता, त्यावर साडेबारा. मी तो आकडा बघत होते आणि कानात चौदा पडत होते. आणि माझ्या मनात काय यावं? दीड इंचच मोठं आहे, वाढत्या अंगाला होईल. 5,500 मध्ये मोठंच मिळतंय! आमच्या आईनं आयुष्यभर दोन नंबर मोठी चप्पल घेतली, कापूस भरून घातली. ते रक्तातच आहे. त्या भामट्याला व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानं कुठूनतरी एक आकडा उचलून फेकला होता. तिथं फोन ठेवला असता तर आज मी हे लिहीत नसते.

त्याहून मोठी लाज पुढं आहे. मी म्हणाले, उद्या येऊन बघून नेते. तर म्हणे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, आर्मी ट्रान्सपोर्टनं घरी पाठवतो, तुम्ही फक्त गेट पासचे भरा. मी शहापूरला राहते. शहापूर ते कॅम्प चार किलोमीटर. मुलीची शाळा कॅम्पात, रोज सकाळी त्याच रस्त्यानं माझी स्कूटर जाते. चार किलोमीटरला ट्रान्सपोर्ट! आता झाडू मारताना आठवतं आणि झाडू हातातच राहतो. “रिक्षा पाठवते, गेटवर आणून द्या,” एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

पहिले 1,150 गेट पासचे. मग हिरव्या गोणीत बांधलेल्या खोक्याचा फोटो आणि पावती, त्यावर माझं नाव, पत्ता, शिक्का. ‘पूर्ण पेमेंट दाखवल्याशिवाय गाडी गेट सोडत नाही’ म्हणून 5,500. मग आकडा चुकीच्या खात्यात पडला म्हणून डिपॉझिट 3,199, पाच मिनिटांत परत. मग ‘एकच एन्ट्री पडली, दुसरी टाकलीत की दोन्ही मिळून 6,398 एकदम येतील’ म्हणून पुन्हा 3,199. पैसे परत मिळवायला पैसे टाकायचे! पतसंस्थेत कुणी म्हातारं हे बोललं असतं तर मी त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं असतं. पण गेलेले 6,650 सोडवायचे होते ना. जुगारी तसाच बसतो. पाचव्यांदा 6,398 मागितले तेव्हा हे कामावरून आले आणि माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. कुकर तोवर करपला होता.

एक मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. पैसे आपल्याला यायचे असतील तर पिन घालावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन घातला म्हणजे पैसे गेले. आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर 1930, त्याला त्याच मिनिटाला फोन करा. मी केला दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण रात्रभर मला वाटत होतं की गुपचूप बसावं, सासूबाईंना कळू नये. तक्रार नोंदवली गेली, नंबर मिळाला, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढं गेलेले. माझी लाज मला महागात पडली. तुम्ही रडा, पण फोनवर रडा.

आता बँक. कोणती ते लिहीत नाही. खिडकीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, ट्रान्झॅक्शन तुम्हीच ऑथराईज केलंय, मग फ्रॉड कुठला?” अरे, फसवून करवून घेतलं त्यालाच फसवणूक म्हणतात! जबरदस्तीनं नेलं असतं तर दरोडा म्हणाले असते! एक फॉर्म दिला, तो भरला, तर हा जुना फॉर्म निघाला. नवा भरला, तर साहेब रजेवर.

पोलीस स्टेशनची तर कथाच. पहिल्या ठिकाणी अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. मी कन्नड बोलते, बाजारात भांडण्याइतकं तरी येतं, पण अर्ज? बाहेरच्या टायपिंगवाल्याला 120 रुपये दिले. (हे धरून 13,168 होतात, पण तो बिचारा प्रामाणिक होता.) अर्ज घेऊन गेले तर हवालदार वाचून म्हणाले, “तो माणूस कॅम्पात होता म्हणता, मग ती हद्द आमची नव्हे.” तिकडं गेले. ते म्हणाले, “अक्का, तो कॅम्पात कुठला असतोय! पैसे तुमच्या घरातून गेले, हद्द तिकडची.” 1956 पासून या भागात हद्दीचंच ऐकतोय, आजोबा त्यात गेले, वडील त्यात म्हातारे झाले, आणि आता माझं व्हायोलिनपण हद्दीत अडकलं! परत पहिल्या ठिकाणी. “नाळे बर्री.” उद्या गेले. साहेब बंदोबस्ताला. परवा गेले. एकजण हसून म्हणाला, “तेराच हजार की, लोकांचे वीस-वीस लाख जातात.” म्हणजे मी अजून थोडे घालून यायला हवं होतं का?

चार दिवस अर्ध्या पगारी रजा टाकून मला कळलं काय, तर 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. हे मला आमच्या पतसंस्थेचे वकील सहज चहा पिता पिता बोलले. मी कलमाचा नंबर कागदावर लिहून नेला, टेबलावर ठेवला. पोच मिळाली. तुम्हीही नंबर लिहूनच न्या, तोंडी सांगितलं तर ‘बसा’ म्हणतात.

सरांना सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. आतल्या कागदावर इटालियन नाव दिसत होतं, तो भामटाही “इटालियन है” म्हणालेला. सर म्हणाले, व्हायोलिन बनवणारा तो नावाजलेला इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हेरी 1737 साली वारला, त्याच्या नावाचे कागद कारखान्यातल्या व्हायोलिनवर पिढ्यान् पिढ्या चिकटवत आलेत, तो कागद वाचून एक रुपया जास्त देऊ नका. जुनं घ्यायचं तर हातात घेऊन घ्या. खुंट्या फिरवून सोडल्या तर जागेवर राहतात का. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी वाकलीय का. फटीतून आत डोकावलं की उभी छोटी काठी दिसली पाहिजे, ती पडली असेल तर आवाजच बसतो. कडेचा सांधा उघडलाय का, नख फिरवून बघा. तारांखालची पट्टी नुसती काळी रंगवलेली असली तर बोटांखाली रंग झिजून पांढरं लाकूड दिसतं. गजाचा स्क्रू ढिला-घट्ट होतो का. आणि शिकवणाऱ्याला बरोबर न्या, लाजू नका, चहा पाजा.

हे सगळं फोटोवरून कसं कळणार? नाहीच कळणार. तेच तर.

सध्या मुलगी सरांकडचं हाफ आठवड्यातून दोनदा वाजवते. घरी गजाच्या जागी फूटपट्टी धरून मनगट फिरवायचा सराव करते, आणि आजीला सांगते, “आईचं व्हायोलिन गाडीत आहे, अजून पोचलं नाही.” तिला कुणी हे शिकवलं ते मला माहीत आहे, यांनीच.

काल रात्री परत शोधलं. तीच निळी खोळ, तोच फोटो, कोपऱ्यात तोच टाईल्सचा तुटका तुकडा. किंमत 4,800 केलीय. आता पोस्टिंग पुणे लिहिलंय.