पोलादी जॅक प्रॉप : भार पेलणारी भिंत काढताना उपयोगी किती, धोक्याचा कुठे

स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यातली भिंत काढायची ठरली की नव्या गर्डरवर भरपूर चर्चा होते. तो गर्डर जागेवर बसून घट्ट होईपर्यंत वरचा स्लॅब ज्यांच्यावर उभा असतो, ते प्रॉप मात्र 'सेंट्रिंगवाल्याकडून आठ-दहा जॅक आणा' एवढ्यावर उरकले जातात. म्हणून हे परीक्षण त्या प्रॉपचं.

वस्तू साधी आहे. बाहेरचा पाइप, त्यात सरकणारा आतला पाइप, भोकातून जाणारी पिन, आणि आट्यांवर फिरणारा नट. विल्यम डी विजिए या स्विस उद्योजकाने 1930च्या दशकात लंडनमध्ये ही रचना बाजारात आणली आणि ती आजही जवळपास तशीच आहे. पिनने ढोबळ उंची धरायची, नट फिरवून मिलिमीटरने दाब द्यायचा. लाकडी बल्लीखाली पाचर ठोकताना हादरे बसतात आणि दाब कमी-जास्त होतो. इथे तो हाताला कळतो. हायड्रॉलिक जॅक उचलायला ताकदवान, पण सील गळलं की रात्रीत खाली बसतो. त्यामुळे दिवसचे दिवस भार धरून ठेवायला पिनवाल्या प्रॉपला तोड नाही.

आता उणीव. प्रॉपची ताकद उंचीवर ठरते आणि ती वेगाने घटते, कारण सडपातळ खांबाची लांबी दुप्पट झाली की त्याला वाकवणारं वजन चौथाईवर येतं. युरोपीय मानक ईएन 1065 प्रॉपचे ताकदीनुसार वर्ग करतं. त्यातला ए वर्गाचा, कमाल 3 मीटरचा प्रॉप घ्या. 2 मीटर उंचीवर तो सुरक्षितपणे साधारण 23 किलोन्यूटन, म्हणजे 2.3 टन घेतो. तोच पूर्ण 3 मीटर ताणला की जेमतेम 1 टन. ई वर्गाचा प्रॉप कोणत्याही उंचीवर साधारण 3 टन घेतो. तो उचलायला जड आहे, पण या कामासाठी आमची पसंती त्यालाच. ए वर्गाचेच मिळत असतील तर निदान एक माप मोठे आणा, म्हणजे ते टोकापर्यंत ताणावे लागणार नाहीत.

किती लागतील? समजा उघडायची जागा 2.4 मीटर आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना 3.5 मीटरचे स्लॅब. 125 मिमीचा स्लॅब, फरशी आणि वापराचा भार मिळून चौरस मीटरला सुमारे 6 किलोन्यूटन. भिंतीवर दोन्हीकडचा निम्मा-निम्मा भाग येतो, म्हणजे मीटरला 21 आणि एकूण 50 किलोन्यूटन, म्हणजेच 5 टन. भिंतीच्या दोन्ही बाजूंना प्रॉपची एकेक रांग, म्हणजे प्रत्येक रांगेला अडीच टन. पूर्ण ताणलेले ए वर्गाचे प्रॉप असतील तर हिशेबाने दर बाजूला तीन, पण थोडी ताकद हाताशी राहावी म्हणून किमान चार. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत 3 मीटर उंच नऊ इंची भिंत असेल तर आणखी साडेतीन टन, आणि ते स्लॅबखालच्या रांगांवर ढकलता येत नाहीत. त्या भिंतीतून आरपार पोलादी नीडल, म्हणजे छोटे आडवे गर्डर, घालून प्रत्येक नीडलच्या दोन्ही टोकांखाली प्रॉप द्यावा लागतो. नीडलमधलं अंतर 900 मिमीच्या पुढे नको. हा हिशेब अंदाजासाठी आहे. खरे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा पाहून द्यायचे. इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभी असेल तर ती भिंत कदाचित भार घेतच नसेल, हेही तोच सांगेल.

विटांच्या सांध्यात घुसवायची पोलादी जीभ प्रॉपच्या डोक्यावर बसवून मिळते. नीडल लागत नाही, काम एका बाजूने होतं, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण भार प्रॉपच्या मध्यावर न येता बाजूला लटकतो, आणि 3 मीटर उंचीवर क्षमता 340 किलोच्या आसपास उतरते. वरच्या विटांचे दोन-चार थर सांभाळण्यापुरती ती ठीक. स्लॅबच्या भारासाठी तिचा विचारही करू नका.

प्रॉप हाती आला की आधी पिन बघा. मूळची कडक पोलादाची पिन हरवते आणि तिच्या जागी सळईचा तुकडा येतो. तो वाकतो किंवा कातरला जातो, आणि प्रॉप एका झटक्यात खाली येतो. पाइपला बाक किंवा पोचा दिसला की तो प्रॉप परत. आट्यांत सिमेंट भरलं असेल तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण दाब वर पोचलेलाच नसतो. तळाची बेसप्लेट सपाट हवी.

उभारताना रांग भिंतीपासून 600 ते 700 मिमीवर ठेवा, नाहीतर गर्डर उचलायला जागा उरत नाही. खाली 225 × 50 मिमीची अखंड फळी, वर तशीच दुसरी, आणि दोन्हीकडे प्लेटमधून खिळे. ओळंब्यात दीड अंशापेक्षा जास्त कल चालणार नाही. खाली जमीन नसून दुसरा स्लॅब असेल, तर त्याच रेषेत त्याच्याही खाली प्रॉप लावत पक्क्या आधारापर्यंत जावं लागतं. सर्वाधिक टाळली जाणारी पायरी हीच. नट हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे. जोर लावून स्लॅब वर उचललात तर वरच्या फरशीला तडे जातील.

भिंत वरून खाली, विटेविटेने उतरवायची. गर्डरच्या दोन्ही टोकांना काँक्रीटच्या बेड ब्लॉकवर (टोकाखालच्या ठोकळ्यावर) किमान 150 मिमी बैठक हवी. गर्डर आणि स्लॅबमधली फट पोलादी पाचरी आणि न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून भरा.

ग्राउटला ताकद येईपर्यंत, पिशवीवर लिहिलेले दिवस मोजून, प्रॉप जागेवरच. मग एकेक नट अर्धा फेरा, मधल्यापासून टोकाकडे, आळीपाळीने सैल करा. 2.4 मीटरच्या गर्डरला भार घेताना दोन-चार मिलिमीटर झोल येणं स्वाभाविक आहे. स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) 360व्या भागापेक्षा, म्हणजे इथे 6-7 मिमीपेक्षा, तो जास्त दिसला तर नट परत आवळा आणि इंजिनिअरला बोलवा. प्लास्टर त्यानंतरच. आधी केलेलं प्लास्टर हा झोल येताना हमखास तडकतं.