महाविद्यालयातील मतदार नोंदणी कक्ष : काम चोख, माहिती अर्धी

जतहून सांगलीला शिकायला आलेल्या पुतणीला ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली, म्हणून तिच्या महाविद्यालयाने ग्रंथालयाशेजारी मांडलेल्या मतदार नोंदणी कक्षात मी तिच्यासोबत गेलो होतो. टेबलामागे राष्ट्रीय सेवा योजनेची दोन मुले होती. आमच्या आधीच्या मिरजेच्या मुलाचा नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराचा अर्ज, त्यांनी मोबाइलवर भरून घेतला, दहावीच्या प्रमाणपत्राचा अंधुक आलेला फोटो स्वतःहून पुन्हा काढला आणि वीस मिनिटांत त्याच्या हाती संदर्भ क्रमांक दिला. पुढच्या १ जानेवारीपर्यंत थांबायला नको, २०२२ पासून वर्षात चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात) आहेत आणि पुतणीला १ ऑक्टोबरचा लागू होतो, हेही त्यांना तोंडपाठ होते.

घोडे अडले ते पत्त्यापाशी. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या नावाचे वीजबिल कुठून आणणार? ‘मग गावाकडचाच पत्ता टाका,’ असे सांगून मुले मोकळी झाली. वास्तविक किमान वर्षभराच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करता येते, त्यासाठी संस्थाप्रमुखांच्या सहीचे बोनाफाईड जोडावे लागते, आणि गाव की शिक्षणाचे ठिकाण ही निवड त्याचीच असते. फक्त दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. ती सही करणारे प्राचार्य त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात!

ही चूक मला किरकोळ वाटत नाही. शिक्षण वाढले की मतदान वाढते, हे अमेरिकेसारख्या देशात बऱ्याच अंशी दिसते. आपल्याकडे ते नाते इतके सरळ नाही, आणि त्यामागे उदासीनतेइतकेच हे अंतरही असावे, कारण शिक्षणच मुलांना आपल्या मतदान केंद्रापासून दूर नेते. २०२४ मध्ये सांगलीत लोकसभेचे मतदान मंगळवारी, ७ मे रोजी झाले आणि विधानसभेचे बुधवारी, २० नोव्हेंबरला. मतदानाची सुट्टी एक दिवसाची. जतला जाऊन परत यायचे, तर एखादे प्रॅक्टिकल बुडणारच. मतदानाचे वय २१ वरून १८ करणाऱ्या १९८९ च्या बदलाचा फलक कक्षात ठळक लावला होता, बोनाफाईडचा मात्र कुठे उल्लेख नव्हता.

पुतणीने दुसऱ्या दिवशी बोनाफाईड आणून वसतिगृहाचाच पत्ता नोंदवला, आणि मुलांनीही तो मुद्दा लगेच वहीत उतरवून घेतला. पाचपैकी साडेतीन तारे. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी आधी वरच्या मजल्यावर जावे, मग कक्षात.