स्नोमोबाइलला नव्या स्की बसवल्या: साडेचार महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या स्नोमोबाइलसोबत (बर्फावर चालणारी गाडी: पुढे चाकांऐवजी दोन स्की म्हणजे घसरत्या पट्ट्या, मागे फिरता पट्टा) आलेल्या स्की काढून बाहेरून घेतलेल्या स्की बसवल्याला साडेचार महिने झाले. तेवढ्यात गाडी साधारण १९०० किलोमीटर चालली. ताजा भुसभुशीत बर्फ, यंत्राने दाबून सपाट केलेले मार्ग, काचेसारखा गोठलेला बर्फ आणि हंगामाच्या शेवटी पाणी सुटलेला रबरबाट, सगळं त्यात आलं. पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर मी ‘घेऊ नका’ असंच सांगितलं असतं. आज त्याच स्की गाडीला आहेत आणि त्या उतरवायचा विचारही मनात नाही. मधल्या काळात बदललं ते अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही स्की गाडीच्या रेषेत नेमक्या लावणं, म्हणून इथे स्कीपेक्षा अलाइनमेंटबद्दलच जास्त लिहिते आहे.

बदलायचं कारण साधं होतं. जुन्या स्की सुमारे १५ सेंटीमीटर रुंद आणि तळाचा मधला कणा उथळ. वळणावर हँडल फिरवलं तरी गाडी आपली सरळच रेटत जायची, आणि खोल बर्फात पुढचं तोंड खाली बुडायचं. नव्या स्की २० सेंटीमीटर रुंद, कणा चांगला खोल, अंग यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन या चिवट प्लास्टिकचं. कण्याखाली कार्बाइड या कठीण धातूचे रनर, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या पट्ट्या. बर्फाला धरायचं काम हा रनर करतो, रुंद प्लास्टिक गाडीला तरंगती ठेवतं.

बसवणं अवघड नाही. गाडी पुढून उचलून पक्क्या स्टँडवर ठेवायची, स्पिंडलच्या (स्कीला धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या) तळाचा आडवा बोल्ट काढायचा, जुनी स्की खाली येते. पण तीन ठिकाणी घाई करू नका. पहिलं, स्की आणि स्पिंडल यांच्यामधलं रबर. माझं रबर दोन्ही बाजूंनी बसत होतं, पण बरोबर दिशा एकच. उलटं बसलं तर स्कीचं टोक खाली झुकतं. गाडी स्टँडवर असताना बाजूने बघा: टोक किंचित वर हवं. दुसरं, बोल्टभोवतीचा स्टीलचा बुश, म्हणजे छोटी नळी. बोल्ट पूर्ण आवळल्यावर ताण या बुशवर यायला हवा. स्कीचे प्लास्टिकचे कान चिमटले जाता कामा नयेत. हाताने दाबल्यावर स्की वर-खाली हलली पाहिजे, आडवी खडखडली नाही पाहिजे. खडखडत असेल तर दोन्ही बाजूंना सारखे वॉशर घाला. तिसरं, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोरालाच) आवळा आणि लॉकनट (सहज सैल न होणारा नट) नवा वापरा. पहिल्या फेरीनंतर तो पुन्हा तपासा, कारण रबर दबतं. माझा उजवा बोल्ट पहिल्या ३० किलोमीटरनंतर थोडा सैल निघाला होता.

आणखी एक काम बहुतेक जण विसरतात. गाडी खाली घेण्याआधी हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. रुंद स्कीची आतली कड कुठे बॉडीला किंवा ए-आर्मला (स्पिंडलला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला) घासत नाही ना, हे इथेच कळलं पाहिजे, डोंगरउतारावर नव्हे.

एवढं सगळं केलं आणि निघाले. पहिल्याच दिवशी हात भरून आले. आधी गेलेल्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी दिसली की स्की त्यात शिरायच्या आणि बाहेर निघायचं नाव घ्यायच्या नाहीत. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे हिसके द्यायची. खोल कण्याच्या स्कीला, त्यातही नव्या धारदार कार्बाइडला, ही खोड असते हे मला ठाऊक होतं, म्हणून ‘झिजल्यावर सुधारेल’ असं म्हणत मी आठवडाभर तशीच चालवली. ती चूक होती.

अलाइनमेंट मी सुरुवातीला तपासलं होतं, पण चुकीच्या ठिकाणी. मोजायची टेप लावली होती ती प्लास्टिकच्या कडांवर. स्कीच्या कडा साच्यातून येतात, टोकाकडे वळतात, दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या नसतात. गाडी जाते ती कार्बाइडच्या रेषेत, म्हणून मापही कार्बाइडच्या मध्यावरच घ्यायचं. दुसरी चूक, स्टीअरिंगच्या सांध्यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मी काढला नव्हता. टाय रॉडची (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) टोकं, स्पिंडलचे बुश, प्रत्येकात केसभर ढिलाई असते आणि ती सगळी मिळून मापात मिलिमीटरांनी फरक पाडते.

आता मी कसं करते ते सविस्तर सांगते. सपाट जमिनीवर गाडी उभी करायची, वजन स्कीवर पडू द्यायचं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पुढचा भाग उचलून मोजायला सांगितलेलं असतं. तसं असेल तर तेच ऐका. हँडल बरोबर मध्यावर आणायचं: दोन्ही मुठींच्या टोकांपासून गाडीच्या मागच्या एकाच बिंदूपर्यंतचं अंतर सारखं भरलं पाहिजे. मग हँडल बांधून टाकायचं. दोन्ही स्कीच्या टोकांमध्ये रबरी हुकाची दोरी ताणून लावायची, म्हणजे टोकं आतल्या बाजूला ओढली जातात आणि सगळा प्ले एकाच दिशेला जाऊन बसतो. ही दोरी नसेल तर पुढची मेहनत फुकट.

त्यानंतर एक लांब, खात्रीने सरळ असलेली पट्टी ट्रॅकच्या (मागच्या फिरत्या पट्ट्याच्या) बाजूला टेकवून स्कीपर्यंत पुढे काढायची. मी अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप वापरला. स्कीच्या बोल्टपासून २५ सेंटीमीटर पुढे आणि २५ सेंटीमीटर मागे कार्बाइडवर खुणा करायच्या आणि पट्टीपासून दोन्ही खुणांचं अंतर मोजायचं. डाव्या स्कीचं वेगळं, उजव्या स्कीचं वेगळं. फक्त दोन स्कींमधलं पुढचं-मागचं अंतर मोजून थांबलात तर एकूण आकडा बरोबर येऊनही दोन्ही स्की ट्रॅकच्या तुलनेत एकाच बाजूला वळलेल्या असू शकतात, आणि मग सरळ जाताना हँडल कायम वाकडं धरावं लागतं.

स्कींची टोकं मागच्या बाजूपेक्षा किंचित बाहेर हवीत. एकूण ३ ते ६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक स्कीला निम्मं. टोकं आत वळली तर गाडी हमखास भटकते, आणि गरजेपेक्षा जास्त बाहेर गेली तर ओढ वाढते, कार्बाइड झपाट्याने झिजतं. माझ्या गाडीचं माप निघालं ते असं: डावी स्की जवळजवळ सरळ, उजवी एकटीच १४ मिलिमीटर बाहेर. जुन्या स्कींचे रनर गुळगुळीत झाले होते, म्हणून हा दोष आधी हाताला जाणवलाच नव्हता.

दुरुस्ती टाय रॉडवर. त्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे चेकनट (रॉड जागी पक्का धरणारा नट) सोडवताना कुठल्या बाजूला फिरवायचा हे आधी नीट बघा, नाहीतर सोडवायच्या ऐवजी आवळत बसाल. रॉड पाव फेरा फिरवायचा, गाडीचं तोंड उचलून पुन्हा खाली ठेवायचं म्हणजे स्की मोकळ्या होऊन बसतात, मग माप. पुन्हा पाव फेरा. मला दीड तास लागला. माझा भाऊ पट्टी धरून बसला होता म्हणून बरं, एकटीने पट्टी सरकते. शेवटी चेकनट आवळताना रॉडची दोन्ही टोकं एकाच पातळीत धरा, नाहीतर सांधा अडकतो. दोन्ही टोकांत पुरेसे आटे आत आहेत का तेही बघा. चेकनट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण आवळतानाच माप हलतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओळखू येईना. हिसके निम्म्याहून कमी. उरलेले गेले ते रबराखाली मागच्या बाजूला एक पातळ पाचर घातल्यावर. त्याने स्कीचं टोक किंचित उचललं जातं आणि भार कार्बाइडच्या मागच्या भागावर जातो. ढकलगाडीचं फिरतं चाक आपल्या दांड्याच्या मागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ होतं, तसंच इथे होतं. पाचर अलाइनमेंटच्या आधी घालू नका. नेमका फरक कशाने पडला ते मग कळत नाही.

हँडल मात्र जड झालं, आणि ते शेवटपर्यंत थोडं जडच राहिलं. खोल कणा म्हणजे जास्त पकड, आणि त्याची किंमत दंडाला मोजावी लागते. मागच्या सस्पेन्शनमधल्या पुढच्या शॉकचा (धक्के शोषणाऱ्या भागाचा) स्प्रिंग थोडा घट्ट केला, त्याने स्कीवरचा भार घटला आणि हँडल हलकं झालं. पण फार घट्ट केला तर वळणावर गाडी पुन्हा सरळ रेटते. मी दोन पायऱ्या वाढवून एक मागे घेतली. ज्यांचे खांदे दुखतात किंवा जे दिवसभर दाबलेल्या मार्गांवरच चालवतात, त्यांनी २० सेंटीमीटरच्या भानगडीत पडू नये, अरुंद स्की घ्यावी. खोल बर्फात मात्र हीच रुंदी कामाला येते. उताराला आडवी गाडी नेताना वरची स्की बर्फ सोडत नाही, आणि ताज्या बर्फात तोंड बुडणं जवळपास बंद झालं.

तक्रारी दोन. सोबत आलेले वॉशर पातळ होते, ते मी जाड घातले. आणि रनरचे नट पहिल्या ३०० किलोमीटरमध्ये दोनदा सैल झाले, त्यानंतर लॉकनट लावल्यावर नाही. प्लास्टिक छान टिकलं आहे, ओरखडे आहेत, भेग नाही. बर्फ नसलेला रस्ता ओलांडताना वेग उतरवा, तिथे प्लास्टिक आणि कार्बाइड दोन्ही झिजतात.

काल हंगाम संपवून स्की धुतल्या आणि कार्बाइडची जाडी मोजली. दोन्ही बाजूंना झीज सारखी आहे, पण उजव्याची बाहेरची कड डाव्यापेक्षा थोडी जास्त चपटी आहे. मूळ जाडी निम्म्यावर आली की रनर बदलायचे, इथे अजून अर्ध्याच्या वर आहेत. ती चपटी कड पहिल्या आठवड्यातली असावी असं वाटतं, तरी स्पिंडल ओळंब्यात आहे का ते या सुट्टीत तपासणार आहे. पट्टी आणि रबरी दोरी गाडीच्या सीटखालीच ठेवली आहे.