लग्नघरात रात्री कोणता सिनेमा लावावा?

लग्नाला चार दिवस उरलेत, गावाकडचे पाहुणे आलेत आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे टीव्हीसमोर बसलेत. अशा वेळी माझं मत ‘मुंबई-पुणे-मुंबई २’लाच.

तरी बहुतेक घरांत पहिलं नाव निघतं ‘हम आपके हैं कौन’चं. साहजिकच आहे. १९९४ साली आलेला हा सिनेमा मरीन लाइन्सच्या लिबर्टीत शंभराहून जास्त आठवडे चालला. चौदा गाणी, तीन तासांच्या वर लांबी, तरी माणसं पुन्हापुन्हा गेली, कारण त्यात गोष्टीपेक्षा वऱ्हाड मोठं आहे. व्याही-विहिणींची थट्टा, दीर-भावजयीची मस्करी, सगळं घर एका अंगणात. आपल्याकडे नवरीच्या भावाचा मान कानपिळीचा, पण आता मराठी लग्नांतही करवल्या नवरदेवाचे बूट पळवतात. ती हौस वाढवण्यात या सिनेमाचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. अडचण एकच, पण मोठी: हसतंखेळतं चाललेलं असताना थोरली बहीण जिन्यावरून पडते आणि जाते. ज्या घरातून मुलगी सासरी निघायची आहे, तिथे हा प्रसंग फार जड जातो. लग्न आटोपल्यावर निवांत बघा.

‘मुंबई-पुणे-मुंबई २’ (२०१५) मध्ये असं काही नाही. सतीश राजवाडेंच्या २०१०च्या पहिल्या भागात जवळजवळ दोनच माणसं होती, दिवसभर पुण्यात फिरत एकमेकांना टोमणे मारणारी. दुसऱ्या भागात त्यांचं लग्न ठरतं आणि दोन्ही घरं पडद्यावर येतात. प्रशांत दामले, सुहास जोशी यांच्यासारखी माणसं आल्यावर हशा आपोआप पिकतो. पण मला हा सिनेमा आवडतो तो मुक्ता बर्वेसाठी. लग्न तोंडावर आलं असताना ‘आपण घाई तर करत नाही ना?’ हा प्रश्न तिला पडतो, आणि तो कुठेही खोटा वाटत नाही. घरातल्या नवऱ्या मुलीला हे बघून धीर येईल. जुन्या मित्राचं प्रकरण मध्ये रेंगाळतं, हे मान्य. पहिला भाग आधी बघितला असेल तर दुप्पट मजा.

मीरा नायर यांचा ‘मान्सून वेडिंग’ (२००१) कलाकृती म्हणून या दोघांच्या पुढचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला. दिल्लीतलं पंजाबी घर, पैशांची ओढाताण, आणि विजय राज यांचा मांडववाला दुबे, जो घरातल्या मोलकरणीच्या प्रेमात पडतो. ती जोडी नवरा-नवरीपेक्षा जास्त लक्षात राहते. मात्र लहान मुलींशी गैरवर्तन करणाऱ्या नातेवाइकाचा धागा त्यात आहे. नसीरुद्दीन शाह यांचा बाप ज्या प्रसंगी त्या माणसाला घराबाहेर काढतो, तो प्रत्येक घराने बघावा असा आहे. पण मुलं झोपल्यावर, मोठ्यांनी बसून.

आजी-आजोबांनीच रिमोट धरला तर ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) लावा. सचिन-सुप्रियांचं प्रत्यक्षातलं लग्न पुढच्याच वर्षी झालं, हे मुलांना आधी सांगा. ती जास्त लक्ष देऊन बघतात.